मनोजला कोणी सांगायचं

टेमघर, भिवंडी
१२ जानेवारी २०२४

नेत्राताई, नमस्कार.

मोरूच्या टेम्पोतून कटपीसचा गठ्ठा पाठवते आहे. परकराला चालेल असं कापड वर आहे, पिशव्यांचं खाली. ही चिठ्ठी मधल्या निळ्या तुकड्यात गुंडाळली आहे, ती तुम्हीच उघडा. फोनवर बोलण्यासारखं हे नाही. तुमचा फोन दिवसभर पोरांच्या हातात आणि माझा आईंच्या. मागे तुम्ही पाठवलेला आवाजी निरोप रीमाने सगळ्यांसमोर चालू केला होता, आठवतं ना. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

काल काका आले होते. त्यांनी आणि आईंनी बसून ठरवलं की माझा पाट मनोजभाऊजींशी लावायचा. घरात विधवा सून, घरात बिनलग्नाचा दीर, लोक बोलतात, त्यापेक्षा दोघांचं लग्न लावून टाका, पोरगीही घरातच राहील, असं काकांचं म्हणणं. भाऊजी मान खाली घालून म्हणाले, आई म्हणेल तसं. मला कोणी विचारलंच नाही. पण खरं सांगू, विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. भाऊजी गोडाऊनमधून थकून येतात तरी रीमाच्या वेण्या घालून देतात. मला पुन्हा कोणी आपलं म्हणेल हे मी सोडूनच दिलं होतं.

पण त्यांना सांगायला हवं. रीमाचे पप्पा कशाने गेले ते या घरात तुम्हाला आणि मला, दोघींनाच ठाऊक. आई अजून कावीळच म्हणतात. भाऊजी तेव्हा पुण्याला कंपनीत होते. पप्पांचा एचआयव्ही कळला त्याच आठवड्यात माझाही कळला, आणि देवाची कृपा, रीमाला काही नाही. माझी गोळी रोज चालू आहे. आईंना मी रक्तवाढीची म्हणून सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, रक्तात आता विषाणू मोजण्याइतकासुद्धा दिसत नाही, अशा बाईकडून नवऱ्याला संबंधातून लागण होत नाही. पण ते मला ठाऊक असून काय उपयोग. ज्यांच्याशी संसार करायचा त्यांना ठाऊक नको का?

मला धीर होत नाही. काय करू ते लिहा.

तुमची,
मेघाली


अंबाडी
१७ जानेवारी २०२४

मेघाली, पोरी,

चिठ्ठी पोचली. निळं कापड झकास हाय, त्याचे दोन परकर शिवून विकले पण.

तू काय बोलू नको. एक अक्षर बोलू नको. तुझ्या तोंडून ऐकलं तर मनोज बिथरंल, आणि बिथरला की जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवंल, लहानपणापासून तेच करतो. आईला कळलं तर तुझी पिशवी दाराबाहेर आणि रीमा आत. म्हातारी माझीच आई हाय म्हणून सांगते, ती कोणाच्या बापाला ऐकायची न्हाय.

मी सांगते त्याला. मी त्याला कडेवर खेळवलाय, माझ्या पुढ्यात तो आवाज न्हाय काढायचा. येत्या रविवारी त्याला इकडे बोलावते, शिवणयंत्राचा पट्टा बदलायचा हाय म्हणून. दादल्याला आणि पोरांना बाजारात पाठवीन. तू निर्धास्त राहा. रीमाच्या बापाच्या, हिरामणच्या उशाशी हॉस्पिटलात मी बसले होते, हा रोग काय असतो ते मला कोणी शिकवायला नको.

जेवतेस ना नीट? आई घालून पाडून बोलली तर या कानाने ऐक, त्या कानाने सोडून दे.

नेत्राताई


टेमघर
२ फेब्रुवारी २०२४

ताई,

तुमचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

त्या रविवारी ते तुमच्याकडून परत आले तेव्हा मी दारातच होते. रीमाला जवळ घेऊन बसले. डोळे लाल होते. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना चप्पल घालता घालता म्हणाले, “वहिनी, ताईने सगळं सांगितलं. माझी हरकत नाही.” आणि गेले. मी पीठ मळत होते, तशीच बसून रडले. आई म्हणाल्या, काय झालं गं, तर म्हटलं कांदा चिरला आत्ताच. कांदा घरात नव्हताच.

आता तुम्हाला एक गंमत सांगते, हसू नका. मी गोळी आणते त्या सेंटरवर दर बुधवारी बायकांची बैठक असते. सगळ्या माझ्यासारख्याच. मॅडम लाकडी मॉडेल टेबलावर ठेवतात आणि निरोध कसा घालायचा, कसा काढायचा, तारीख कशी बघायची ते दाखवतात. मी आजवर मागच्या बाकावर बसून पदरात तोंड लपवायची, मला काय करायचंय म्हणून. या बुधवारी मी पुढे जाऊन बसले. मॅडम म्हणाल्या, विषाणू दिसत नसला तरी गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, आणि निरोध असला की दुसऱ्या आजारांपासून दोघं राखलेली, मूल नको असेल तोवर तीही काळजी नाही. एकीने विचारलं, नवरा ऐकत नाही त्याचं काय? तेव्हा जोहराआपा उठल्या. त्या बंदर मोहल्ल्यातल्या, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, “मर्दाला विचारत बसायचं नाय गं. आमच्या ह्यांना वेलचीशिवाय चाय चालत नाय ना? मी बोलले, तसंच ह्याच्याशिवाय आपलं काय चालणार नाय. दो दिन मुँह फुलाया, मग आले लाइनीवर.” मॅडमसुद्धा हसल्या.

येताना मी एक पाकीट मागून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. रीमाच्या पप्पांना हे कधी सांगायचं मला सुचलंच नव्हतं, तेव्हा मला काही माहीतही नव्हतं. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय, आणि दिवसातून एकदा तरी जाऊन बघून येते. वेडीच झाले आहे बहुतेक.

मेघाली


अंबाडी
२० मार्च २०२४

मेघाली,

पाट नीट पार पडला, माझ्या जिवावरचा भार उतरला. हिरव्या बांगड्या तुला शोभत होत्या. काकी लोकांनी नाकं मुरडली ती मुरडू दे, त्यांची तोंडं काय मी शिवणार हाय.

आता मनोजला जप. तो मनाने हळवा हाय. कामावरून आला की चार घास सुखाने खाऊ दे. बाकी कशाची घाई करू नको. तुला रीमा हाय, घर हाय, डोक्यावर छप्पर हाय, माणसाला आणखी काय लागतं? मी तुला राहायला बोलावलं असतं पण इथे जागेची अडचण, तुला ठाऊकच हाय.

हिरामणच्या फोटोला हार घालत जा.

नेत्राताई


टेमघर
११ एप्रिल २०२४

ताई,

सगळं छान चाललंय. हे शिफ्ट संपली की सरळ घरी येतात. परवा कामावरून येताना माझ्यासाठी अबोलीचा गजरा आणला, आईंसमोरच हातात दिला. आईंनी तोंड वाकडं केलं, पण आतून खूश होत्या. सध्या गोडाऊनला माल जास्त आहे म्हणून हे जादा ड्युटी करतात, दमतात फार.

बुधवारच्या बैठकीत मॅडमनी आता मलाच मॉडेल हातात दिलं. म्हणाल्या, तू नव्या बायकांना समजाव, आमच्यापेक्षा तुझं ऐकतील. पहिल्यांदा मी ते नुसतं धरून उभी राहिले. मग जोहराआपा मागून म्हणाल्या, “अगं, लाटणं समज नि चालू कर.” मग जमलं. एक पडघ्याची बाई आहे, तिच्या नवऱ्याला लागण नाही आणि तिला आहे. ती म्हणाली, मेघालीताई, तुमच्या घरी पण असंच ना, तुम्ही कसं पटवलंत? मी म्हटलं, आमच्या नणंदबाईंनी पटवलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. सगळ्या म्हणाल्या, अशी नणंद मिळायला नशीब लागतं.

कापड पाठवते आहे. पांढऱ्यावर डाग आहेत, धुतले की जातील.

मेघाली


अंबाडी
२५ जून २०२४

मेघाली,

आईचा फोन आला होता. पाळणा कधी हलणार म्हणून माझं डोकं खाल्लं. मी तिला दटावली, म्हटलं रीमा हाय ना, तिच्यावरच देव खूश हाय. तू तिचं मनावर घेऊ नको. मूल न्हाय झालं तर न्हाय. मला तर वाटतं नकोच.

मनोजची तब्येत कशी हाय? खोकतो का? वजन उतरलं का? त्याला दर दोन महिन्यांनी रक्त तपासायला लाव. मला खरं खरं कळव.

नेत्राताई


टेमघर
१६ ऑगस्ट २०२४

ताई,

खरं खरं कळव म्हणालात, तर आता कळवते. एप्रिलच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

यांनी मला आजवर हात लावलेला नाही. पाट लागला त्या दिवसापासून एकदाही नाही. हे बाहेरच्या खोलीत चटई टाकतात, आईंना सांगतात की आत उकडतं. जादा ड्युटी यांनी मागून घेतली आहे, हे मला त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पोराच्या बायकोकडून कळलं. माझ्या हातचं जेवतात, रीमाचा अभ्यास घेतात, पगार आणून आईंच्या हातात ठेवतात, माझ्याशी कधी मोठ्या आवाजात बोलत नाहीत. अजून यांच्या तोंडून “वहिनी” निघून जातं. मी जवळ जाऊन बसले की उठतात. काहीतरी काम आठवल्यासारखं करतात बिचारे.

मी माझ्या परीने सगळं केलं. मे महिन्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांची तपासणी झाली, काही नाही, एकदम निर्मळ. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट समोर ठेवून समजावलं की तुमच्या बायकोकडून तुम्हाला धोका नाही, वर निरोध वापरा म्हणजे मनात किंतु नको, पुढे मूल हवं असेल तर तेसुद्धा होऊ शकतं, आम्ही सांगू कसं ते. हे मान डोलावत राहिले. रिक्षात मी म्हटलं, ऐकलंत ना? म्हणाले, “ऐकलं.” मग वाटेत उतरून रीमाला पेरू घेतले. त्या संध्याकाळी मी नवी साडी नेसले, ताई. आता लिहितानाही लाज वाटते. यांनी बघितलं, आणि चटई उचलून बाहेर गेले.

पाकिटाची तारीख अजून आहे, मी बघते अधूनमधून. बैठकीत बायका भांडतात, रडतात, कुणाचा नवरा निरोध फेकून देतो, कुणाचा मारतो. आणि मी पुढे उभी राहून शिकवते, कारण माझा नवरा म्हणे समजूतदार. जोहराआपा परवा म्हणाल्या, “तुझ्यासारखा मर्द सगळ्यांना मिळो.” मी आमीन म्हटलं. घरी येऊन भांडी घासली.

रोगाचं मला आता काही वाटत नाही. गोळी खाते, काम करते, चालतं. पण मी तिशीची आहे, आणि माझ्याच घरात मला कोणी शिवत नाही. हे मला सहन होत नाही.

तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. त्या रविवारी तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत? भीती वाटेल असं काही निघून गेलं का तोंडून? तसं असेल तर एकदा फोन करून एवढंच सांगा की घाबरू नकोस. मी पाया पडते.

मेघाली


टेमघर
२० सप्टेंबर २०२४

ताई,

दोन गठ्ठे पाठवले, उत्तर नाही. मोरू म्हणतो, ताई बऱ्या आहेत, शिवणयंत्रावर बसलेल्या असतात, गठ्ठा दिला की चिठ्ठी काढून पोलक्यात ठेवतात. म्हणजे मिळाली आहे. रागावलात का? मी आत काय चाललंय ते उघडं लिहिलं म्हणून? मला दुसरं कोण आहे लिहायला.

मेघाली


अंबाडी
९ ऑक्टोबर २०२४

मेघाली,

रागावले न्हाय. तोंड न्हवतं मला.

त्या रविवारी मनोजला मी सगळं सांगितलं, ते खरं. तो रडला, तेही खरं. म्हणाला, ताई, वहिनीला मी टाकणार न्हाय. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हिरामण आला. शेवटी त्याला मी दोन हातांनी उचलायचे, पाठीची हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता. पाणी मागायचा आणि गिळता यायचं न्हाय. मला दोनच भाऊ, मेघाली. एकाला मी आगीत घातला.

मी मनोजला देव्हाऱ्यापुढे बसवला आणि खंडोबाचा बेल-भंडारा त्याच्या हातात दिला. म्हटलं, पाट लाव, तिला सांभाळ, रीमाला बाप हो, पण तिच्या अंगाला हात लावणार न्हाय असं बोल. तो म्हणाला, ताई, हे कसं होईल. मी म्हटलं, न्हाय बोललास तर मी आत्ता आईला फोन लावते. मग त्याने भंडारा कपाळाला लावला आणि बोलला. आमच्यात बेल-भंडारा उचलला की माणूस मरंल पण शब्द फिरवणार न्हाय, तुला ठाऊक हाय.

तुला घरही मिळंल आणि माझा भाऊही वाचंल, असा माझा हिशोब होता. तू तिकडे बायकांना माझं कौतुक सांगितलंस, ती चिठ्ठी वाचून मी दोन दिवस जेवले न्हाय. पण तोंड उघडलं न्हाय ते न्हायच. तुला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

नेत्रा


टेमघर
१३ ऑक्टोबर २०२४

ताई,

बोलायचं ते बोल म्हणता, तर बोलते.

तुमच्या चिठ्ठ्या मी उशीखाली ठेवत होते. माझी आई लहानपणी गेली, तुमच्यात मी आई बघत होते. आणि तुम्ही माझ्या नवऱ्याला माझ्यापासून बांधून ठेवलंत, वर मला विचारत होता, जेवतेस ना नीट? मी जेवत होते. माझ्याशी वैर होतं तर पाट मोडायचा होता. मी रडले असते आणि विसरले असते.

तुमचा भाऊ गेला तसाच माझा नवरा गेला. तोही मीच पाहिलाय. पण ते गेले कारण त्यांनी सांगितलं नाही, तपासलं नाही, औषध घेतलं नाही, आणि उशीर झाला. मी औषध घेते. तुम्हाला रोगाची भीती वाटत होती, तर रोग असतो कसा ते विचारायचं होतं कोणाला तरी. हॉस्पिटलात बसून तुम्ही मरण पाहिलंत, गोळी खाऊन जगणाऱ्या बायका पाहिल्याच नाहीत.

म्हणून आता माझं ऐका. येत्या बुधवारी किंवा त्याच्या पुढच्या, आमच्या बैठकीला या. मागच्या बाकावर बसा, तोंडाला पदर लावा, तुम्हाला कोणी नाव विचारणार नाही. डॉक्टरांना तुमच्या तोंडाने विचारा. भाऊबिजेला हे तुमच्याकडे येतीलच. पटलं तर ओवाळणीत तुम्ही साडी मागू नका. शपथ मागून घ्या परत. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते.

नाही पटलं तर तसं लिहा. मग मी रीमाला घेऊन दुसरी खोली बघेन.

मेघाली


अंबाडी
५ नोव्हेंबर २०२४

मेघाली,

बैठकीत तू मला ओळख दाखवली न्हायस, बरं केलंस. तू पुढे उभी राहून शिकवत होतीस आणि मला वाटलं, ही आमच्या घरात भाकऱ्या थापणारीच का. ती जोहरा माझ्या शेजारी बसली होती. तिने मला तिच्या डब्यातला खजूर दिला. मी हातात धरून बसले, खाऊ की नको. मग तिनेच विचारलं, “डर लगता है क्या, ताई?” मी खाल्ला. तिचा नवरा सोळा वर्षं तिच्याबरोबर हाय म्हणे, त्याला काय सुदीक झालेलं न्हाय.

डॉक्टरला विचारलं. तीनदा विचारलं. तो पोरगा तीनदा तेच बोलला.

भाऊबिजेला मनोज आला. ओवाळून झाल्यावर मी त्याच्यापुढे पदर पसरला. म्हटलं, जे माझ्यापुढे बोललास ते मला परत दे. तो भंडारा मी स्वतःच्या कपाळाला लावला, देवाला म्हटलं, पाप माझं, पोराला मोकळा कर. मनोजने ओवाळणीचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, “ताई, खरंच काही होत नाही ना?” मी म्हटलं, न्हाय रे बाबा, काय होत न्हाय, मी माझ्या कानांनी ऐकून आले.

पोरी, आता तुमचा संसार तुम्ही करा. मला माफ कर म्हणायला मला जीभ न्हाय, पण म्हणते. काय होतंय ते कळव.

नेत्रा


टेमघर
१४ नोव्हेंबर २०२४

ताई,

काल फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी “बरं आहे” म्हणाले, कारण आई शेजारी होत्या.

काल बैठकीत एक नवी मुलगी आली होती. कोनगावची, लग्न ठरलंय, रिपोर्ट आत्ता आलाय. म्हणाली, माझी मोठी बहीण सांगते म्हणाली त्याला, माझी हिंमत नाही. एरवी मी धीराने घेते सगळ्यांशी. काल मात्र मी तिचा दंड धरला. म्हटलं, तूच सांगायचं, तुझ्याच तोंडाने, पाहिजे तर इथे मॅडमसमोर बसवून सांग, पण दुसऱ्या कोणाच्या हाती ही गोष्ट देऊ नकोस. नको म्हणाला तर नको म्हणू दे. ती घाबरली माझ्याकडे बघून. जोहराआपांनी मला बाजूला घेतलं. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी डब्यातला एक खजूर माझ्या हातावर ठेवला.

आता रविवारचं सांगते. आई रीमाला घेऊन काकांकडे गेल्या होत्या. दुपारचं जेवण झालं, मी डाळीतले खडे निवडत खाटेवर बसले होते. हे आले आणि शेजारी बसले. उठले नाहीत. म्हणाले, ताईने शपथ सोडवली. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, “मी वाईट वागलो तुझ्याशी.” मी म्हटलं, तुम्ही वाईट नाही वागलात, तुम्ही शब्द पाळलात. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. बॉक्स उचलून उचलून त्यांचा तळहात कसा कडक झालाय, ते मला तेव्हा कळलं. आम्ही तसेच बसलो. माझ्या मांडीवरचं ताट कलंडलं, डाळ सगळी खाली सांडली, मी उचलली नाही. ताई, मला त्या वेळी काहीही मागायचं नव्हतं कोणाकडे.

थोड्या वेळाने ते पाणी पितो म्हणून आत गेले. नळाचा आवाज येत राहिला. मला वाटलं हंडा भरताहेत. मी उठून बघायला गेले, तर ते वाकून हात धूत होते. कपड्यांचा साबण घेऊन, बोटांच्या मधून, नखांतून, कोपरापर्यंत. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलं आणि ते थांबले. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. आपण काय करतोय हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. तोंड इतकं उतरलं की मला त्यांचीच कीव आली. म्हणाले, “मी मुद्दाम नाही केलं गं.”

मला माहीत होतं, मुद्दाम नाही केलं. त्यांना रागावू नका, आणि हे मी तुम्हाला सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका. फेस तसाच हातांवर घेऊन ते उभे होते. मी नळ बंद केला आणि त्यांना टॉवेल दिला.

मेघाली